घरातलं पहिलं मूल कॉलेजात: मोहाडीच्या पालकांसाठी माहिती

मोहाडी तालुक्यात धानाची शेती, मजुरी, बिडी वळणं, कोशाचं विणकाम आणि वरठीचा पोलाद कारखाना यांवर बरीच घरं चालतात. अशा घरातलं पहिलं मूल कॉलेजात जातं तेव्हा फीची चिंता असतेच. पण कोणता फॉर्म कधी भरायचा हे सांगणारं घरात कोणी नसतं, आणि मुलं बरेचदा तिथेच अडकतात. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार देशात 20 वर्षांवरील लोकांत पदवी किंवा डिप्लोमा घेतलेले सुमारे 7 टक्के होते. मुस्लिमांत 4 टक्क्यांहून कमी.

निकालाआधी कागद

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधार जोडलेलं बँक खातं बारावीच्या निकालाआधीच तयार ठेवा. मोमीन, पिंजारी, बागवान अशा बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांनी जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर काढावं. आरक्षणात न येणाऱ्यांना ईडब्ल्यूएस दाखल्यासाठी अर्ज करता येतो. शेख, सय्यद, मोहम्मद ही नावं इंग्रजीत वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिली जातात. मार्कशीट, आधार आणि पासबुकावर स्पेलिंग एकच आहे ना, हे आधी बघा.

पैसा कुठून?

- महाडीबीटी पोर्टलवर राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा 8 लाख रुपये.
- जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी कॅप फेरीतूनच हवा.
- बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. आई-वडिलांचं बिडी कामगार ओळखपत्र जपून ठेवा.
- मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज देतं.
- एसटीच्या विद्यार्थी पासावर 66.67 टक्के सवलत मिळते.

शिष्यवृत्ती बहुधा उशिरा जमा होते, पण हॉस्टेल, पुस्तकं आणि मेसचा खर्च लगेच येतो. या मधल्या महिन्यांसाठी जमातीने कर्ज-ए-हसनाची सोय केली, तर थोड्या रकमेत एका मुलाचं वर्ष वाचतं.

पहिलं वर्ष

भंडारा जिल्ह्यातली कॉलेजं नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. इथे प्रत्येक सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो, आणि शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. एखादा विषय राहिला तर शिक्षण संपलं असं नाही. एटीकेटीचे नियम कॉलेजात विचारून घ्या.

काम करत शिकण्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर कॉलेज उभं केलं. तुमच्या कॉलेजात अशी योजना आहे का, चौकशी करा.

गावात जो आधी शिकला, त्याने नव्या मुलासोबत एकदा तहसीलला आणि एकदा कॉलेजच्या ऑफिसात जावं. अम्मी-अब्बूंनी “पास झालास का?” याआधी “फॉर्म भरलास का?” हे विचारावं. त्यासाठी स्वतः शिकलेलं असावं लागत नाही.