व्हेंटिलेटर (चित्रपट)

'व्हेंटिलेटर' हा ४ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट आहे. विनोद आणि शोक यांची सांगड घालणाऱ्या या चित्रपटाचे दिग्दर्शन राजेश मापुसकर यांनी केले असून निर्मिती प्रियांका चोप्रा यांच्या पर्पल पेबल पिक्चर्स या संस्थेची आहे.

कथानक

गणेशोत्सव तोंडावर आला असताना कामेरकर कुटुंबातील वडीलधारे गृहस्थ कोमात जातात व त्यांना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवले जाते. गावाकडचे व शहरातले नातेवाईक रुग्णालयात जमतात. निधन झाल्यास सुतक लागेल आणि घरी गणपती बसवता येणार नाही, ही धास्ती त्यांच्या काळजीत मिसळते. चित्रपटातील विनोद मृत्यूची थट्टा न करता मुख्यतः या पेचातून आणि नात्यांतील जुन्या रुसव्याफुगव्यांतून निर्माण होतो. उत्तरार्धात रुग्ण आणि त्यांचा मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) यांच्यातील दुरावा केंद्रस्थानी येतो. पुतण्या राजाची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे.

पुरस्कार व पुनर्निर्मिती

६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये या चित्रपटाला दिग्दर्शन, संकलन (रामेश्वर भगत) आणि ध्वनिमिश्रण (आलोक डे) असे तीन पुरस्कार मिळाले. २०१८ मध्ये याच नावाने गुजराती आवृत्ती प्रदर्शित झाली. तीत जॅकी श्रॉफ व प्रतीक गांधी यांच्या प्रमुख भूमिका होत्या.