टिकल्यांनी ठरलेला अग्रक्रम

पूर्वपक्ष असा आहे. कामाच्या ठिकाणी अडचण उभी राहिली की सगळ्यांना एकत्र बसवावे, प्रत्येकाला मोकळेपणाने बोलू द्यावे, कुणाच्याही सूचनेला नाक मुरडू नये, सुचेल ते फळ्यावर लिहावे आणि शेवटी मते घेऊन वरचे तीन उपाय उचलावेत. व्यवस्थापनाच्या वर्गांत हेच शिकवतात. सरकारी कार्यशाळांत रंगीत चिठ्ठ्या आणि चिकटवायच्या टिकल्या वाटून हेच करवून घेतात. त्यावर शंका काढणारा माणूस हेकट किंवा हुकूमशाही वृत्तीचा ठरतो, त्यामुळे शंका सहसा कुणी काढत नाही. ती काढायला हवी. एकत्र बसल्याने कल्पना वाढतात, टीकेने त्या आटतात आणि बहुमताने अग्रक्रम लागतो, अशी तीन गृहीतके या पद्धतीच्या मुळाशी आहेत आणि तिन्ही कच्ची आहेत.

धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरचा विचार या संदर्भात करण्यासारखा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाने जी गावे भुईसपाट केली, त्यांत हे एक. आज ते लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा उमरग्यात होते. इथले स्पर्श ग्रामीण रुग्णालय शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीत चालते आणि केंद्र सरकारच्या ‘कायाकल्प’ पुरस्कारांच्या यादीत त्याचे नाव पुन्हा पुन्हा आलेले आहे. 2015 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत स्वच्छता, जैववैद्यकीय कचरा, जंतुसंसर्गाचा प्रतिबंध अशा बाबींवर गुण मिळतात. आधी रुग्णालय स्वतःला तपासते, मग शेजारचे रुग्णालय येऊन तपासते, शेवटी बाहेरची चमू येते. पात्र ठरायला किमान 70 टक्के गुण लागतात. म्हणजे आपल्याच कामातले दोष शोधून त्यांवर उपाय ठरवणारी समिती अशा प्रत्येक रुग्णालयात बसते. ती कशी बसावी, हा वादाचा मुद्दा.

एक प्रसंग कल्पून पाहू. तो कुठल्याही तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात घडू शकतो. वापरलेल्या सुया लाल पिशवीत सापडतात आणि कचरा उचलणाऱ्या मावशींना टोचतात. नियम 2016 पासून स्पष्ट आहे: सुयांसाठी भोक न पडणारा पांढरा डबा, नळ्या आणि सलाइनच्या बाटल्यांसाठी लाल पिशवी, रक्ताळलेल्या कापसाला पिवळी. अधीक्षक बैठक बोलावतात. खुर्च्यांवर डॉक्टर, त्यामागे सिस्टर, औषधनिर्माता, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, आणि दाराशी उभ्या मावशी. साहेब म्हणतात, ‘मोकळेपणाने बोला.’ पहिला डॉक्टर म्हणतो, प्रशिक्षण घ्या. दुसरा तीच री ओढतो. कुणी म्हणते फलक लावा, कुणी म्हणते जाड हातमोजे द्या, कुणी म्हणते चूक करणाऱ्याला मेमो द्या. मावशी बोलत नाहीत. टिकल्या लावल्या जातात आणि प्रशिक्षण पहिले येते.

या बैठकीत बिघडले काय? पहिले म्हणजे बोलण्याची रांग. जाहिरात व्यवसायातल्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकी गृहस्थाने 1953 च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकातून या पद्धतीचा जगभर प्रसार केला. गटात बसलेल्या माणसाला एकट्यापेक्षा दुप्पट कल्पना सुचतात, असा त्याचा दावा होता. 1958 मध्ये येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तो तपासला. चौघांचा गट एका बाजूला आणि वेगवेगळे बसून विचार करणारे चौघे दुसऱ्या बाजूला. पुनरुक्ती वगळून मोजले तर एकेकट्या चौघांच्या कल्पनांची बेरीज गटाच्या जवळपास दुप्पट निघाली. म्हणजे दुप्पट हा आकडा बरोबर होता, फक्त उलट्या बाजूला. 1987 मध्ये डील आणि श्ट्रोब यांनी त्यामागचे मुख्य कारण दाखवले: एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत सुचलेले धरून ठेवतात, विसरतात किंवा सोडून देतात. लाज, भीती, दुसऱ्यावर टाकण्याची वृत्ती ही कारणे आहेतच, पण ती नसली तरी रांग राहते. आपल्याकडे त्यात पायरीची भर पडते. साहेबांनी तोंड उघडले की खालच्याची कल्पना तिथेच संपते.

दुसरे गृहीतक टीकेबद्दलचे. ‘टीका करायची नाही’ हा ऑस्बॉर्नचा लाडका नियम. शार्लन नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या आणि फ्रान्समधल्या गटांना वाहतूक कोंडीवर उपाय विचारले. काही गटांना टीका टाळायला सांगितले, काहींना एकमेकांशी वाद घालायला. वाद घालणाऱ्यांकडून कल्पना कमी आल्या नाहीत, उलट जास्त आल्या. आपल्या परंपरेला याचे नवल वाटू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानातला आठवा अध्याय वैद्यांनी वैद्यांशी चर्चा कशी करावी हे सविस्तर सांगतो. स्नेहाने, जाणून घेण्यासाठी होणारी ती संधाय संभाषा आणि हरवण्यासाठी होणारी ती विगृह्य संभाषा, असे दोन प्रकार तो मानतो. समोरची सभा जाणत्यांची आहे की मूढांची, मित्रांची, तटस्थांची की वैऱ्यांची, हे आधी ओळखायला सांगतो. यातल्या स्नेहाच्या चर्चेतही प्रश्न आहेत, प्रतिप्रश्न आहेत, खंडन आहे. टीका वगळल्याने सभा मित्रांची होत नाही, हे वैद्यांना फार पूर्वीच ठाऊक होते. कार्यशाळांत तेवढे पोचलेले नाही.

तिसरे गृहीतक मला सगळ्यात घातक वाटते. मते कुणाला काय पटते ते सांगतात. काय चालेल, हे मतांतून कळत नाही. व्यावसायिक सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड सर्वमान्य आहे. धोका मुळातूनच नाहीसा करणे सगळ्यात वर, मग कमी धोक्याचा पर्याय वापरणे, मग यंत्रणा किंवा जागेची रचना बदलणे, त्याखाली नियम, प्रशिक्षण आणि फलक, आणि तळाशी हातमोजे-मुखपट्टी. वर जावे तसा उपाय माणसाच्या आठवणीवर कमी अवलंबून राहतो. आता आपली टिकल्यांची यादी पाहा. प्रशिक्षण, फलक, मेमो, हातमोजे: सगळी उतरंडीच्या खालच्या दोन पायऱ्यांवरची. हा योगायोग नव्हे. प्रशिक्षणाला कुणाचा विरोध नसतो, कारण त्यात कुणाला काही बदलावे लागत नाही. जेवण मिळते, सह्या होतात, फाईल पूर्ण होते. जो उपाय एखाद्याची सोय मोडतो, त्याला मते कमी पडतात. बरेचदा चालणारा उपाय नेमका तोच असतो.

मावशींना विचारले असते, बैठकीत नव्हे, वॉर्डात त्यांच्याबरोबर फिरून, तर कळले असते की पांढरा डबा सिस्टरांच्या टेबलावर असतो आणि इंजेक्शन खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या खाटेवर दिले जाते. हातात सुई घेऊन कुणी तेवढे चालत नाही. लाल पिशवी मात्र खाटेच्या पायथ्याशी असते. म्हणजे ट्रॉलीला डबा अडकवला की अर्धा प्रश्न मिटतो. तोंडी देता येणारे औषध इंजेक्शनने देण्याची सवय मोडली की उरलेल्यातलाही काही भाग जातो. पण हा दुसरा उपाय डॉक्टरांच्या सवयीला आणि ‘सुई द्या’ म्हणणाऱ्या रुग्णाच्या हट्टाला हात घालतो. फळ्यावर त्याला किती टिकल्या पडतील?

लोकमताच्या या मर्यादेचा मोठा दाखला सास्तूरच्याच मातीत आहे. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला गेला आणि सर्वाधिक उद्ध्वस्त 52 गावे नव्या जागी वसवायचे ठरले. त्या दिवसांत लोकांना विचारले तर जुन्या गावठाणात, दगडमातीच्या भिंतीखाली, पुन्हा झोपायला कोण हो म्हणणार? उत्तर प्रामाणिक होते, पण ते भीतीचे होते. दगड दोषी नव्हता, दगड बसवण्याची पद्धत दोषी होती. जाड भिंतीचे दोन पदर जोडणारे लांब दगड घातले, वर सलग पट्टा फिरवला तर तीच भिंत बरीच तग धरते, हे अभियंते सांगत होते. याच कार्यक्रमात, ज्या गावांत घरे जागेवरच दुरुस्त करायची होती, तिथे गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. घरोघरी जाऊन माहिती पोचवणे, अडचणी वर कळवणे, बांधकामावर नजर ठेवणे ही त्यांची कामे होती. सहभाग म्हणजे हात वर करणे नव्हे, हे समजायला या बायकांचे काम पुरेसे आहे.

पूर्वपक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा अजून बाकी आहे. उपाय थोडा कमी चांगला असेना, सगळ्यांनी मिळून ठरवला तर तो अमलात येतो, लादलेला येत नाही. याला आधारही आहे. 1948 मध्ये कोच आणि फ्रेंच यांनी व्हर्जिनियातल्या पायजम्यांच्या कारखान्यात दाखवले की कामाच्या बदलात सहभागी झालेल्या कामगारांनी बदल लवकर स्वीकारला आणि उत्पादनही वाढले. पण तोच धागा धरून नॉर्वेच्या एका पादत्राणांच्या कारखान्यात झालेल्या आणि 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उत्पादनात फरक पडला नाही. आपले म्हणणे संघटनेमार्फत मांडायची सवय असलेल्या तिथल्या कामगारांना ही नवी पद्धत तितकीशी रास्त वाटली नाही, असे संशोधकांनी म्हटले. म्हणजे आपलेपणा आपोआप येत नाही. आपल्या सूचनेचे काय झाले आणि का झाले, हे कळल्यावर तो येतो. टिकल्या मोजून सूचना बाद करणारी बैठक नेमके हेच सांगत नाही.

मग मंडन काय? मुळीच बसू नका, असे नाही. कामांचा क्रम बदला. आधी पाहणी: दोष जिथे घडतो तिथे जाऊन, तारखा आणि पाळ्या लिहून. मग प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, कागदावर उपाय लिहायचे. ज्यांना लिहिणे अवघड, त्यांचे आदल्या दिवशी सिस्टरांनी ऐकून लिहून घ्यायचे. मग एकेकाने एकच उपाय वाचायचा, दाराशी उभ्या असलेल्यांपासून सुरुवात करून साहेबांवर शेवट. डेल्बेक आणि व्हॅन दे व्हेन यांनी 1971 मध्ये जवळपास हाच क्रम मांडला होता. मावशींपासून सुरुवात करण्याचा आग्रह माझा. त्यानंतर वाद, आणि तो खरा वाद: हा उपाय उतरंडीत कुठे बसतो, कुणाची सोय मोडतो, उद्या सिस्टर रजेवर गेल्या तरी चालेल का. अग्रक्रम या प्रश्नांच्या उत्तरांनी लागतो. बरोबरीत सुटलेल्या दोन उपायांत निवड करायची असेल, तेवढ्यापुरती मते घ्या.

यावर कुणी म्हणेल, ओपीडीत केसपेपरच्या खिडकीपाशी रांग लागलेली असताना एवढा वेळ कुठला? कागदावर लिहायला दहा मिनिटे लागतात. प्रशिक्षणाचा एक दिवस वाचतो, तो वेगळाच. आणि निवडलेला उपाय सगळ्या वॉर्डांत लावायचीही घाई नाही. एका ट्रॉलीला डबा अडकवा, महिनाभर लाल पिशवीत किती सुया सापडतात ते रजिस्टरमध्ये लिहा, शेजारच्या वॉर्डातला आकडा बाजूला ठेवा. आकडा हलला नाही तर यादीतला दुसरा उपाय घ्या, त्याला एकही टिकली पडलेली नसली तरी.