अश्वत्थाम्याचे तेल

कधीही न भरून येणाऱ्या दुःखाला मराठीत ‘अश्वत्थाम्याची भळभळती जखम’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि कपाळावरच्या त्या जखमेसाठी तेल मागत तो अजूनही रानोमाळ हिंडतो, ही समजूत नर्मदेच्या परिक्रमावासीयांत, म्हणजे नदीला उजव्या हाताशी ठेवून तिची पायी प्रदक्षिणा करणाऱ्या यात्रेकरूंत, आजही जिवंत आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात अस्तंबा नावाच्या शिखरावर दिवाळीच्या सुमारास आदिवासींची यात्रा भरते आणि त्या शिखराचे नाते लोक अश्वत्थाम्याशीच जोडतात. निद्रिस्तांची कत्तल करणाऱ्या एका क्रूर वीराविषयी लोकमानसात इतका ओलावा कोठून आला, हा प्रश्न महाभारताच्या परंपरेइतकाच जुना आहे.

महाभारताच्या दहाव्या पर्वाला ‘सौप्तिक’ म्हणतात, कारण ‘सुप्त’, म्हणजे झोपलेल्या, वीरांचा संहार हा त्याचा विषय आहे. रात्र सरू द्यावी आणि धृतराष्ट्र, गांधारी व विदुर यांचा सल्ला घ्यावा, असे मामा कृपाचार्यांनी समजावूनही अश्वत्थामा पांडवांच्या छावणीत शिरला. ‘निदान शस्त्राने तरी मार’ अशी याचना करणाऱ्या धृष्टद्युम्नाला त्याने लाथांनी तुडवून मारले, द्रौपदीचे पाचही पुत्र कापले आणि पुढे सोडलेले अस्त्र आवरता येईना तेव्हा ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवले. शस्त्र खाली ठेवलेल्या पित्याचा, द्रोणाचार्यांचा, धृष्टद्युम्नाने शिरच्छेद केला होता, त्यामुळे त्याच्यावरचा राग समजण्याजोगा आहे. पण पांडवांची सून उत्तरा हिच्या गर्भाने अश्वत्थाम्याचे काय बिघडवले होते?

तरीही याच ग्रंथाने आदिपर्वात त्याच्या बालपणाचा एक विलक्षण प्रसंग नोंदवून ठेवला आहे. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून तो रडू लागला, तेव्हा सवंगड्यांनी पाण्यात पीठ कालवून त्याला दिले; दूध मिळाले या आनंदात तो नाचू लागला आणि त्याच्या बापाच्या दारिद्र्याची कुचेष्टा झाली. हा प्रसंग द्रोणाचार्य स्वतः भीष्मांना सांगतात. या अपमानामुळेच ते जुना मित्र द्रुपद याच्या दारी गेले, तेथेही अवमानित झाले आणि ज्या वैराची अखेर त्या रात्री झाली त्याचे बीज पडले. वाचकाची सहानुभूती जागते ती या पिठाच्या पाण्यापाशी, आणि ती योग्यच आहे.

गर्भावर अस्त्र वळवल्याबद्दल श्रीकृष्णाने त्याला तीन हजार वर्षे एकाकी, रक्त-पुवाच्या दुर्गंधीसह भटकण्याचा आणि कोणाशीही संवाद न घडण्याचा शाप दिला. भागवत पुराणात करुणेचा धागा अधिक ठळक होतो: अर्जुनाने बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडा, माझ्यासारखी त्याची आई कृपी रडू नये, असे तेथे खुद्द द्रौपदी म्हणते. लोकपरंपरा याच्याही एक पाऊल पुढे गेली, कारण ज्याच्याशी कोणी बोलू नये असा शाप होता त्याला तिने माणसांच्या दारी तेल मागायला उभे केले. विसाव्या शतकात धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’ (१९५४) या हिंदी नाटकाने त्याला युद्धाने विद्रूप केलेला माणूस म्हणून रंगमंचावर आणले, तर इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रोण व अश्वत्थामा या बापलेकांना ब्राह्मणधर्म सोडून क्षत्रियधर्म पत्करल्याबद्दल जबाबदार धरले.

या दोन्ही भूमिकांपेक्षा लोकपरंपरेचा विवेक अधिक खोल वाटतो. ती तेल देते, पण जखम बरी झाल्याचे कोठेही सांगत नाही, आणि ज्याच्या जागी ती जखम राहिली तो कपाळावरचा काढून घेतलेला मणीही त्याला परत देत नाही. उणीव एकच, की मारणाऱ्याची जखम भाषेत रुजली आणि मारले गेलेले विस्मरणात गेले. आदिपर्वात द्रौपदीच्या त्या पाच मुलांची नावे दिलेली आहेत: प्रतिविंध्य, सुतसोम, श्रुतकर्मा, शतानीक आणि श्रुतसेन.