'रिमवर्ल्ड'मधील हंसाची अंडी

परक्या ग्रहावर यान कोसळून उरलेल्या मोजक्या माणसांनी वसाहत उभारावी आणि तगून राहावे, असा 'रिमवर्ल्ड' या संगणकीय खेळाचा गाभा आहे. टायनन सिल्व्हेस्टर यांच्या लुडिऑन स्टुडिओजने घडविलेल्या या खेळाची पहिली पूर्ण आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये आली. हंस त्यात अवतरला तो फेब्रुवारी २०२० मधील १.१ या आवृत्तीपासून.

हंसाचे अंडे कोंबडीच्या अंड्याहून मोठे व अधिक पोषक. स्वयंपाकघरात ते मांसाच्या जागी चालते. ०.२५ पोषणमूल्याची अंडी आणि तेवढाच भाजीपाला एकत्र शिजविला की ०.९ पोषणाचे उत्तम जेवण सिद्ध होते व खाणाऱ्याचे मनही प्रसन्न राहते. त्यासाठी एकही जनावर मारावे लागत नाही, हा मोठाच लाभ.

खरी मेख आहे ती अंड्याच्या दोन प्रकारांत. नर नसला तरी हंसी अंडी घालते. ती निव्वळ अन्न असतात आणि शीतगृहात गोठवून दीर्घकाळ टिकविता येतात. (खेळातील इमूची गोष्ट वेगळी, नराशिवाय तिच्याकडून अंडे मिळत नाही.) कळपात नर असेल तर अंडी फलित होतात व त्यांतून पिल्ले निघतात. मात्र फलित अंड्याला शून्य ते ५० अंश सेल्सिअस एवढेच तापमान मानवते. या मर्यादेबाहेर ते क्रमाक्रमाने बिघडत जाते आणि अखेर त्यातून पिल्लू निघण्याची आशा संपते. नवखे खेळाडू येथेच फसतात. सामान वाहणारी माणसे साऱ्या अंड्यांना अन्न समजून शीतगृहात नेतात आणि पुढचा कळप तेथेच गोठून जातो. फलित अंड्यांसाठी उबदार खोलीत निराळा साठा नेमून शीतगृहात त्यांना मज्जाव करणे, हाच त्यावर उपाय.

इसापाच्या कथेतील सोन्याचे अंडे देणारी हंसी मराठीत येताना कोंबडी झाली. आज खावे की उद्यासाठी राखावे, हा पेच मात्र तोच राहिला. हिवाळ्यात कुरणातले गवत संपते आणि साठविलेल्या चाऱ्यावर प्रत्येक नवे पिल्लू वाटा सांगते. चारा बेताचा असेल तर नर वेगळ्या कुंपणात ठेवावा व अंडी सरळ चुलीकडे वळवावीत. जुलै २०२१ मधील १.३ आवृत्तीपासून कुंपणाची आणि अंड्यांच्या पेटीची सोय झाल्याने हे काम पुष्कळच सुकर झाले आहे.