पांडवलेणीच्या पोढ्या आणि पडीक राहिलेलं वावर

आज फवारणीचं किंवा भावाचं काही नाही. आज आपल्या पांडवलेणीतला पाण्याचा आणि जमिनीचा जुना हिशेब लिहितो. आपल्या शेततळ्याला आणि बंधाऱ्याला तो अजून लागू पडतो.

नाव पांडवांचं असलं तरी ही २४ लेणी बौद्ध भिक्षूंची. या डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, आणि त्या काळी इथलं मोठं गाव म्हणजे गोवर्धन. भिक्षू वर्षभर फिरायचे, पण पावसाळ्यात एका जागी राहायचे. डोंगरावर माणसं ठेवायची तर आधी पाणी पाहिजे. विहीर खणावी तर खाली काळा पाषाण. म्हणून त्यांनी लेण्याच्या शेजारीच खडकात टाकं कोरलं. लेखात याला पोढी म्हटलंय. डोंगरावर पडणारा पाऊस त्यात साठवायचा. बऱ्याच पोढ्यांचं तोंड लहान आणि पोट मोठं. ऊन आत कमी जातं, म्हणून पाणी उडून कमी जातं. आपण शेततळं उघडं ठेवतो आणि एप्रिलमध्ये पाणी कुठं गेलं म्हणून बघत बसतो.

१० नंबरचं लेणं उषवदातानं दिलं. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याच्या लेखात लेणं आणि पोढ्या दोन्ही एकत्रच सांगितल्या आहेत. राहायची जागा दिली आणि पाण्याचं तुमचं तुम्ही बघा, असा कारभार नव्हता. पण मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. त्यानं ३००० कार्षापण (तेव्हाची चांदीची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना, आपल्या सोसायटीसारखी. २००० वर महिन्याला शेकडा एक व्याज, १००० वर शेकडा पाऊण. मुद्दल कधीच काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता हिशेब करा. २००० वर वर्षाचं व्याज २४०. लेखात २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी सांगितलेत. २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०. आधी खर्च धरला आणि मग मुद्दल ठरवलं, असा हा हिशेब दिसतो.

याच उषवदातानं ४००० कार्षापण देऊन गावाच्या शिवेवरचं एक शेत एका ब्राह्मणाकडून विकत घेतलं आणि लेण्यातल्या भिक्षूंच्या जेवणासाठी दिलं. राजाचा जावई होता, पण शेत मोल मोजून घेतलं आणि कुणाकडून घेतलं ते दगडावर लिहून ठेवलं.

तिथंच तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या बाईनं आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेवले. कुणाकडे ठेवले ते वाचून मी थांबलोच. कुंभार आणि तेली आहेतच, पण त्यांच्या जोडीला ओदयंत्रिकांची श्रेणी आहे. उद म्हणजे पाणी. पाण्याची यंत्रं करणाऱ्या कारागिरांची ही संघटना, आणि तिच्याकडे २००० कार्षापण ठेवले. म्हणजे १७०० वर्षांपूर्वी आपल्या नाशकात पाण्याच्या यंत्रांचं काम करणारे इतके होते की त्यांची स्वतंत्र श्रेणी होती. आणि तिची पत इतकी होती की धर्मादायाचा पैसा विश्वासानं ठेवावा. आज मोटार दुरुस्त करणारा पोरगा वेळेला मिळत नाही, तेव्हा याची किंमत कळते.

आता पडीक वावराची गोष्ट. ती ३ नंबरच्या लेण्याच्या ओसरीत आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला. आपल्या राज्याच्या १८व्या वर्षी त्यानं या भिक्षूंना २०० निवर्तनं जमीन दिली. निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप. ही जमीन पूर्वी उषवदाताकडे होती. त्या जमिनीत सैन्यानं शिरायचं नाही, मीठ खणायचं नाही, अशा सवलतीही दिल्या. कागदावर सगळं चोख. पण सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, दुसरा हुकूम निघाला. राजा आणि राजमाता यांचं म्हणणं असं, की आधी दिलेलं शेत कुणी कसत नाही आणि ते गावही वसलेलं नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरची १०० निवर्तनं सरकारी जमीन द्यावी.

आकडा निम्म्यावर आला. तरी मला हा हुकूम शहाणपणाचा वाटतो. माणसं नसलेल्या २०० पेक्षा कसणारे हात जवळ असलेली १०० बरी. आणि चुकलेला निर्णय कुणी झाकला नाही. जमीन पडीक राहिली हे राजाच्याच नावानं दगडात कोरलंय.

पाणी आणि माणसं यांची सांगड घातली की काय होतं, याचा दुसरा दाखला औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. औरंगजेबाच्या काळात बाबा शाह मुसाफिर हे सूफी फकीर तिथं राहिले. त्यांच्या मठात, म्हणजे खानकाहमध्ये, शिष्य, वाटसरू, गोरगरीब जेवायचे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांनी जमिनीखालून आणलं, भिंतीवर चढवलं आणि उंचावरून खाली सोडलं. त्या धारेवर चाक फिरायचं आणि चाकावर जातं. दळणाला बैल नको, माणूस नको. तेच पाणी पुढं हौदात. हौदाच्या खाली दालन आहे, वरच्या पाण्यानं ते उन्हाळ्यातही गार राहतं. एकाच पाण्याकडून किती कामं करून घेतली बघा.

आणि आपल्या जिल्ह्यातली फड पद्धत तर बागलाणातल्या मंडळींना मी काय सांगावी. मोसम, आरम, तिकडे धुळ्यात पांझरा, या नद्यांवरचे दगडी बंधारे शेकडो वर्षं चालले. एका फडात एकच पीक, पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून करायची, पाणी द्यायला पाटकरी आणि राखायला जागल्या. त्यांचा मोबदला शेतकरीच द्यायचे. बंधारा दगडाचा होता, पण तो टिकवला या माणसांनी.

आता आपल्याकडं बघू. बंधारा मंजूर होतो, बांधला जातो, नारळ फुटतो, फोटो निघतो. तीन पावसाळ्यांत गाळ भरतो. पाट्या काढायला आणि बसवायला कुणी नाही. शेततळ्याचा कागद फाटला की तळं कोरडं. बांधायला अनुदान असतं, पण सांभाळायचे पैसे कुणी बाजूला काढलेले नसतात. उषवदातानं खर्च धरून मुद्दल ठेवलं होतं. आपण मुद्दल सगळं सिमेंटात घालतो.

म्हणून माझं एवढंच म्हणणं. पुढच्या ग्रामसभेत नव्या बंधाऱ्याचा विषय निघाला की विचारा: गाळ दरवर्षी कोण काढणार, पाणी कोण वाटणार, आणि त्याचा पगार कुठल्या व्याजातून निघणार? उत्तर नसेल तर लांबी-रुंदी निम्मी करा आणि उरलेली लोकवर्गणी गावाच्या नावानं ठेव म्हणून ठेवा. २०० ऐवजी १०० चालतील. पण ते कसलेले पाहिजेत.

पांडवलेणीला गेलात तर पोरांना पोढ्या दाखवा. आणि हात जोडून विनंती, त्यात बाटल्या टाकू नका.