उंबऱ्याआतली शाळा

मूल शाळेत धाडले नाही तर पालकाला दरमहा एक रुपया दंड, असा कायदा आमच्या कोल्हापुरात १९१७ साली झाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्या वर्षी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. एक रुपया ही रक्कम आजच्या वाचकाला हसण्यावारी नेण्याजोगी वाटेल. पण जेथे मजुरीचे आणे मोजून चूल पेटत असे, तेथे तो रुपया चांगलाच झोंबणारा होता. झोंबावा हाच तर हेतू होता. बडोद्यात सयाजीरावांनी सक्तीचे शिक्षण १९०६ सालीच आणले होते. आमच्या कागल-कोल्हापुरात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात तसे विधेयक मांडले, ते पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. साम्राज्याला जे जमले नाही ते एका संस्थानाने करून दाखविले.

या कायद्याच्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. शिकावयाचे तर मुलाने घराचा उंबरा ओलांडला पाहिजे. पुढे १०३ वर्षांनी, २०२० च्या मार्चात, नेमकी उलट आज्ञा निघाली: मुलाने उंबरा ओलांडता कामा नये, आणि शिक्षण मात्र चालूच राहिले पाहिजे. या दोन आज्ञांच्या मधोमध आम्ही मास्तर लोक आणि मुलांचे आईबाप सापडलो, त्याची ही हकिकत आहे. मी मुलांना मराठी आणि इतिहास शिकविते, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तेव्हा सरकारी पत्रकांपेक्षा मुलांच्या वह्यांकडे माझी नजर अधिक जाणार, हे वाचकांनी चालवून घ्यावे.

साथीने शाळेला कुलूप लागावे, हे आमच्या मुलखाला नवे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दोन-तीन वर्षांत तो आमच्याकडेही पोहोचला. घरात उंदीर पडू लागले की गाव मोडावयाचे आणि रानात झोपड्या घालावयाच्या, हा त्या काळचा शिरस्ता. घरच मोडले तेथे पाटी-पेन्सिल कोण शोधीत बसणार? शाळा बंद म्हणजे शिकणे बंद, इतका सरळ हिशेब होता. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात गेल्या त्या प्लेगनेच, आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता. साथीत शिक्षिकेने काय करावे, या प्रश्नाला त्या काळी तेवढेच एक उत्तर होते. धडा घरी पाठविण्याची युक्ती कोणाला सुचण्याजोगी नव्हती.

पण घर आणि शाळा यांच्यातले अंतर कोल्हापूरला त्याच सुमारास फार नीट कळले होते, आणि ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दसरा चौकात उभे राहून सभोवार पाहावे. जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशी वसतिगृहे महाराजांच्या पुतळ्याभोवती जणू कोंडाळे करून बसलेली आहेत. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैनांचे, पुढे मुसलमानांचे, लिंगायतांचे, आणि १९०८ साली अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. वसतिगृहांचे माहेरघर हे नाव कोल्हापूरला उगाच पडलेले नाही. एवढी बोर्डिंगे का लागली? फी माफ केली तरी मुले टिकत नव्हती. खेड्यातल्या घरी रात्री दिवा नव्हता, वही ठेवावयास कोपरा नव्हता, आणि म्हशीमागे जावयास दुसरे कोणी नव्हते. घर कितीही मायेचे असो, ते सगळ्यांचे सारखे नसते. बोर्डिंगात निदान कंदील सर्वांना सारखा. महाराजांनी शाळा तर दिलीच, पण अभ्यासापुरते निराळे घरही दिले.

याच जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक दांडगा मुलगा राहिला होता. त्याचे नाव भाऊराव पाटील. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी विजयादशमीला त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याच्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचेच नाव दिले. त्या बोर्डिंगातल्या मुलांची चूल चालावी म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट आमच्या भागात पोरासोरांना पाठ आहे. या मंगळसूत्राकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

आता २०२०. मार्चच्या १६ तारखेपासून शहरांतल्या शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. तो २३ मार्चला व्हावयाचा, तो पुढे ढकलला आणि अखेरीस रद्दच झाला. सारे जग एका रोगाने वेढले असता भूगोलाचीच परीक्षा होऊ नये, यात काळाचा काही विनोद असेल तर तो मला त्या दिवसांत सुचला नाही. वसतिगृहे रिकामी झाली. १९०१ साली ज्यांना घरातून बोर्डिंगात आणावयाची खटपट झाली, त्यांचीच पतवंडे ट्रंका उचलून घरी निघाली.

जून उजाडला. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असा पुकारा झाला. सरकारी पत्रके ज्याला भ्रमणध्वनी म्हणतात आणि आमची मुले मोबाईल, त्या वितीएवढ्या पाटीवर शाळा भरू लागली. मी स्वयंपाकघरात डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवून पाचवीला शिकविले आहे. घरात तेवढाच एक कोपरा निवांत होता. मुलांच्या मागून गंजीफ्रॉकातले वडील जात, कोंबडी जाई, एकदा वासरूही आले. एका मुलीची आजी रोज तिच्या शेजारी बसून शिवरायांचा धडा ऐके आणि अफझलखानाचे नाव आले की बोटे मोडी. एकदा मी व्याकरण सांगत होते, तर मध्येच एक चिमुरडा आवाज आला, “बाई, तुमच्या तीन शिट्ट्या झाल्या!” कुकर उतरवून मी पुन्हा विशेषणाकडे वळले.

हसण्याचे एवढेच. पटावरची निम्म्याहून अधिक नावे त्या पाटीवर कधी दिसलीच नाहीत. ज्या घरात मोबाईल एक, तो बाप घेऊन शिरोलीच्या कारखान्यात जाई. “रात्री आल्यावर दावतो बाई,” असे सांगणाऱ्या माउल्या खोटे बोलत नव्हत्या. पण रात्री दमलेल्या माणसाच्या हातातून मोबाईल घ्यावयाचा, त्यात पैसे भरलेले असावयाचे, आणि दोन भावंडांत मोठ्याची पाळी आधी. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरकपारीत तर रेंज हीच दुर्मीळ वस्तू. त्यात आम्हा शिक्षकांना सर्वेक्षणाची कामे. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली आणि आम्ही तापमापक घेऊन दारोदार फिरलो. त्या फिरण्यात मला जे दिसले, ते मोबाईलच्या काचेतून कधीच दिसले नसते: दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि भिंतीवर दप्तर टांगलेले.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोषण आहाराचे तांदूळ आणि कडधान्य मुलांच्या घरी पोहोचविले गेले. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका लागली, आणि ती चांगली होती. मात्र येथे एक सल बोलून दाखविते. दूरचित्रवाणीवरून मुलांना शिकविण्याचे काम महाराष्ट्रात नवे नव्हते. पुण्याच्या बालचित्रवाणीने ते १९८४ पासून केले. आम्ही त्यावरच वाढलो. ती संस्था २०१७ साली बंद करण्यात आली. पाऊस सरला म्हणून छत्री विकावी आणि लगोलग वळीव गाठावा, तसे हे झाले.

माणसांनी आपापल्या परीने वाटा काढल्या. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविणारी ‘बोलकी शाळा’ फिरली. सोलापुरात कामगारवस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगविले गेले, म्हणजे रस्त्याने जाता जाता मुलाने बेरीज वाचावी. त्याच सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे जिल्हा परिषदेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लक्ष डॉलरचे जागतिक पारितोषिक मिळाले, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकले. आपल्या पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड ही त्यांचीच कल्पना. कल्पना उत्तमच, पण तो कोड उघडावयासही शेवटी मोबाईलच लागतो, आणि गोष्ट पुन्हा त्याच एका वस्तूपाशी येऊन थांबते.

आणि आता ते मंगळसूत्र. त्याच पावसाळ्यात शेजारच्या कर्नाटकात, गदग जिल्ह्यातल्या एका आईने मुलांचे धडे दूरदर्शनवर लागतात म्हणून मंगळसूत्र गहाण टाकले आणि टीव्ही आणला. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक छापले. मला ते कौतुक वाचवेना. लक्ष्मीबाईंनी दिले ते परक्यांच्या पोरांना एका पंगतीत जेवू घालण्यासाठी. त्यातून सर्वांसाठी एक घर उभे राहिले. या माउलीचे सोने गेले ते आपल्या दोन लेकरांना इतरांच्या बरोबरीला आणण्यासाठी, बंद दाराआड, एकटीने. त्यागात ती तसूभर कमी नव्हे. पण पहिल्या बाईच्या मागे एक संस्था होती, आणि दुसरीच्या मागे सावकार.

२०२१ ने तर कहर केला. दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेतले मूल्यमापन धरून निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. इतके यश पाहून पेढे वाटावेत की कसे, हे कळेना. त्याच जुलैत पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडली आणि २०१९ पाठोपाठ पुन्हा महापूर आला. वीज गेली, मोबाईल विझले, आणि ज्यांचे घरच पाण्यात त्यांची ‘घरची शाळा’ कोठे भरावयाची? पुढे २०२२ च्या ‘असर’ पाहणीत असे आढळले, की देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी मुले २०१८ साली शंभरात २७.३ होती ती २०.५ वर आली आहेत. मला तो आकडा मोठा वाटला नाही. आमच्या वर्गातला त्याहून वाईट होता.

मधल्या काळात वरचे वर्ग थोडे उघडले, पुन्हा मिटले. अखेर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांत आठवी ते बारावीचे आणि खेड्यांत पाचवीपासूनचे वर्ग भरले. रयतच्या स्थापनेचीच ही तारीख. ठरविणाऱ्यांच्या ते ध्यानात असेल असे वाटत नाही. मुले उंच झाली होती, मुलांचे आवाज फुटले होते, आणि मुखपट्टीमुळे निम्म्यांची ओळख पटेना. हजेरी घेताना दहावीच्या तीन नावांना उत्तर आले नाही. एक मुलगी मामाच्या गावी गेली होती आणि तिचे लग्न झाले होते. एकाचा पत्ताच लागला नाही.

तिसऱ्याची आई आठ दिवसांनी आली. नवऱ्याचे काम सुटल्यापासून मुलगा दुचाकीच्या गॅरेजात जात होता. “बाई, दाखला द्या तेवढा. हातात पैका आलाय, आता तो बाकावर बसायचा न्हाई,” ती म्हणाली. एक रुपया दंडाचा कायदा कधीच इतिहासजमा झाला होता. आणि तो असता तरी तिच्याकडून तो मागण्याचा अधिकार कोणाला होता, हे मला सांगता येत नाही. मी तिला दाखला दिला. मात्र पुढच्या वर्षी मुलाला गॅरेजातून बोलावून घेतले आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला. २०२३ च्या मार्चात तो बहिःस्थ म्हणून दहावीला बसला. मराठी आणि इतिहास सुटले. गणित राहिले, ते अजून राहिलेच आहे; रविवारी गॅरेज बंद असले की तो वही घेऊन येतो.