डोंगरमाथ्यावर दोघे, पायथ्याशी गोतावळा

लग्न ठरले की पहिला वाद होतो तो यादीवरून. वधूवरांना मोजकी माणसे हवी असतात, तर घरातील वडीलधाऱ्यांना चुलत-मावस गोतावळ्यापासून कार्यालयातील सहकाऱ्यांपर्यंत कोणालाच वगळता येत नाही. अमेरिकेतील अनेक जोडप्यांनी या पेचातून एक वाट काढली आहे. पहाटे फक्त दोघांनी डोंगरावर जाऊन एकमेकांना वचने द्यायची आणि त्याच दिवशी सायंकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या गावात वीस-तीस जिवलगांसोबत सोहळा करायचा. पळून जाऊन केलेल्या लग्नाचा एकांत आणि घरच्या लग्नाचा आशीर्वाद, अशा दोन्ही गोष्टी त्यात साधल्या जातात. रॉकी पर्वतरांगेतील कोलोराडो हे राज्य अशा विवाहांसाठी विशेष ओळखले जाते. तेथील निसर्ग हे त्याचे एक कारण झाले, पण त्याहून मोठे कारण तेथील विवाह कायद्यात आहे.

पलायनाचा अर्थ बदलला

‘इलोपमेंट’ या शब्दाचा मूळ अर्थ घरच्यांना न सांगता पळून जाणे असाच होता. इंग्लंडमध्ये लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा १७५४ मध्ये अमलात आला आणि एकवीस वर्षांखालील मुलामुलींना परवान्याने लग्न करायचे तर पालकांची संमती आवश्यक ठरली. स्कॉटलंडला मात्र हा कायदा लागू नव्हता. तेथे दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही पती-पत्नी आहोत’ असे जाहीर केले तरी विवाह वैध ठरत असे. परिणामी सीमेपलीकडील ग्रेटना ग्रीन हे गाव पळून आलेल्या जोडप्यांचे तीर्थक्षेत्र बनले आणि तेथील लोहाराच्या ऐरणीला जवळजवळ बोहल्याचा मान मिळाला. १८५६ मध्ये २१ दिवसांच्या वास्तव्याची अट आली, तर १९४० मध्ये नुसत्या घोषणेने होणारा विवाह बंद झाला. तरीही ग्रेटना ग्रीनला जाऊन लग्न करण्याची हौस आजही टिकून आहे.

आज अमेरिकेत हा शब्द वापरला जातो तेव्हा त्यात पलायन उरलेले नसते. मोजक्या किंवा शून्य पाहुण्यांसह, निसर्गरम्य ठिकाणी, आधी ठरवून केलेला विवाह एवढाच त्याचा अर्थ राहिला आहे. २०२० च्या करोना साथीत मोठ्या समारंभांवर बंदी आली आणि हजारो जोडप्यांना नाइलाजाने लहान लग्ने करावी लागली. त्यातील कित्येकांना ती आवडली, ही त्या संकटाची अनपेक्षित बाजू म्हणावी लागेल.

भटजी नको, साक्षीदारही नको

कोलोराडोत वधूवर स्वतःच स्वतःचा विवाह लावू शकतात. न्यायाधीश, धर्मगुरू किंवा अन्य कोणी अधिकारी हजर असावा लागत नाही, साक्षीदारांचीही सक्ती नाही. राज्याचे रहिवासी असण्याची अट नाही आणि परवाना मिळाल्यानंतर थांबण्याचा कालावधीही नाही. काउंटी क्लार्कच्या कार्यालयातून विवाहाचा परवाना घ्यायचा, तो ३५ दिवसांच्या आत राज्याच्या हद्दीत वापरायचा आणि विवाहानंतर ६३ दिवसांच्या आत सही करून परत करायचा, एवढेच काम असते. पेन्सिल्व्हेनियातही क्वेकर पंथाच्या जुन्या परंपरेमुळे धर्मगुरूविना विवाहाची सोय आहे. मात्र तेथे साक्षीदार लागतात.

‘दोन टप्प्यांचे’ लग्न या सोयीमुळेच शक्य होते. अर्थात त्यात एक नाजूक प्रश्न दडलेला आहे. परवान्यावर सही कधी करायची? पहाटे डोंगरावर केली, तर कायद्याच्या दृष्टीने विवाह तेव्हाच पार पडतो आणि सायंकाळी आईवडील पाहतात तो केवळ आनंदसोहळा ठरतो. सही सायंकाळी केली, तर पहाटेची वचने ही दोघांची खासगी बाब राहते. कायद्याला यातील कोणताही पर्याय चालतो. घरच्यांना चालेलच असे नाही. मुलीच्या लग्नाला आपण हजर होतो की लग्नानंतरच्या जेवणाला, ही खंत पुढे अनेक वर्षे पुरू शकते. त्यामुळे पहाटेचा बेत लपवून न ठेवता आधीच सांगणे आणि सहीचा क्षण घरच्यांसाठी राखून ठेवणे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. दोघांच्या एकांताला त्याने काही उणे येत नाही.

डोंगराचे नियम

कोलोराडोत १४ हजार फुटांहून उंच अशी पन्नासहून अधिक शिखरे आहेत. १९१५ मध्ये स्थापन झालेले रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान आणि अ‍ॅस्पेनजवळील मरून बेल्सची जोडशिखरे ही विवाहेच्छू जोडप्यांची आवडती ठिकाणे. परंतु डोंगर मोकळा दिसला तरी तो मोकळा नसतो. राष्ट्रीय उद्यानात सोहळा कितीही लहान असला तरी परवानगी काढावी लागते. त्यासाठी जागा ठरलेल्या आहेत, प्रत्येक जागेवर किती माणसे चालतील हेही ठरलेले आहे आणि चांगल्या तारखांसाठी अर्ज बराच आधी करावा लागतो. मरून बेल्स येथे उन्हाळ्यात बहुतेक पर्यटकांना खासगी मोटार पायथ्याशी ठेवून बसने वर जावे लागते. पाहुण्यांची वाहतूक हा त्यामुळे स्वतंत्र विषय होऊन बसतो.

पहाटेच का, याला रोमँटिक कारणाइतकेच हवामानाचे कारण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर रॉकी पर्वतात विजांचा कडकडाट हा जवळजवळ नित्यक्रम असतो. सुमारे साडेतीन हजार मीटरवर वृक्षरेषा संपते आणि त्यापुढे आडोसा म्हणून झाडही मिळत नाही. दुपारच्या आत खाली उतरावे, हा तेथील गिर्यारोहकांचा पाठ आहे आणि तो नवरानवरींनाही तितकाच लागू पडतो. ३,७१३ मीटर उंचीवरून जाणारा ट्रेल रिज रोड साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुला असतो. रानफुले हवी असतील तर जुलै आणि अ‍ॅस्पेन वृक्षांची सोनेरी पाने हवी असतील तर सप्टेंबरचा उत्तरार्ध, असा तेथील हिशेब आहे. सप्टेंबर हा एल्क जातीच्या सांबरासारख्या मोठ्या हरणांच्या मिलनाचाही काळ. त्यांच्या आरोळ्या ऐकायला सुंदर असतात, पण छायाचित्राच्या मोहाने त्यांच्यापासून ७५ फुटांच्या आत जाण्यास मनाई आहे.

उंचीचा त्रास वधूवरांपेक्षा पाहुण्यांना अधिक होतो, कारण जोडपे सरावलेले असते आणि मामा-मावश्या थेट समुद्रसपाटीवरून आलेल्या असतात. उद्यानाच्या दारातले एस्टेस पार्क हे गाव सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे महाबळेश्वराच्या दीडपटीहून अधिक. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे या उंचीवर काहींना जाणवू लागतात. डेन्व्हरला विमानातून उतरल्यावर एक-दोन रात्री तेथेच काढाव्यात, पाणी भरपूर प्यावे आणि पहिल्या दिवशी मद्य टाळावे, एवढी काळजी बहुतेकांना पुरते. हृदयविकार किंवा श्वसनाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय निघू नये. स्वयंपाकाचे गणितही येथे बदलते. एस्टेस पार्कच्या उंचीवर पाणी सुमारे ९२ अंश सेल्सिअसलाच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. वरणभाताची पंगत मांडायची असेल तर कुकर सोबत न्यावा, हे अमेरिकेतील मराठी गृहिणींना वेगळे सांगायला नको.

अक्षता, होम आणि अंतरपाट

मराठी पद्धतीच्या विवाहातील किती गोष्टी डोंगरावर नेता येतात? राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांत तांदूळ, पक्ष्यांचे खाद्य किंवा कागदी तुकडे उधळण्यास वाव नाही. वन्य प्राण्यांना मानवी अन्नाची सवय लागू नये आणि परके बियाणे पसरू नये हा त्यामागील हेतू. तेव्हा अक्षता पायथ्याशीच. नेमून दिलेल्या चुलींखेरीज अन्यत्र आग पेटवता येत नाही, म्हणून लाजाहोमही खालीच. वणव्यांनी पोळलेल्या या प्रदेशात हा नियम जाचक म्हणता येणार नाही. २०२० मध्ये कॅमेरॉन पीक आणि ईस्ट ट्रबलसम या दोन वणव्यांनी याच उद्यानाचा काही भाग गिळला होता. ड्रोन उडवण्यास राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे. त्यामुळे आकाशातून टिपलेल्या लग्नपटाचा हट्टही सोडावा लागतो.

उरतात ते हार, मुंडावळ्या आणि अंतरपाट. अंतरपाट म्हणजे अखेर एक वस्त्र. पाठीवरच्या पिशवीत सहज मावते. पण तो धरायला दोन माणसे लागतात आणि एकांताचा बेत तेथेच फसतो! म्हणून पहाटे साधी वचने व पुष्पहार आणि सायंकाळी मंगलाष्टके, सप्तपदी व पंगत, अशी विभागणी सोयीची ठरते. नऊवारी नेसून चढण चढता येते, दुटांगी नेसण हालचालीला सोयीचेच असते. मात्र तिच्याखाली पकड घेणारे बूट हवेत, चपला नव्हेत.

आपल्याकडे कायदा वेगळा

भारतात दोघांनीच डोंगरावर दिलेल्या वचनांना कायद्याचे बळ नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या सातव्या कलमानुसार रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात आणि रूढीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाशी विवाह पूर्ण होतो. विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणी दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार विधी लागत नाहीत. परंतु ३० दिवसांची जाहीर नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. कोलोराडोच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद तमिळनाडूत आहे. तेथील १९६७ च्या दुरुस्तीने पुरोहिताविना, आप्तमित्रांसमोर हार किंवा अंगठी घालून केलेला ‘स्वाभिमान विवाह’ वैध मानला. पुरोहिताविना लग्नाचा विचार महाराष्ट्राला तर त्याहून जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच तसा विवाह लावला होता.

येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. अमेरिकेत ‘पळून’ लग्न करणे ही हौस झाली असली तरी आपल्याकडे तो अनेकदा जिवाचा प्रश्न असतो. जात किंवा धर्म ओलांडणाऱ्या जोडप्यांच्या हत्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्यांच्या संरक्षणासाठी राज्यांना निर्देश दिले. ज्यांना लपण्याची गरज नाही, त्यांनाच एकांत मिरवता येतो. नेपाळच्या पेम दोर्जी आणि मोनी मुलेपती यांनी ३० मे २००५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर विवाह केला, तेव्हा त्या साहसालाही हा पदर होता. वर शेर्पा आणि वधू नेवार होती. बेत आधी गुप्त ठेवण्यात आला होता आणि काही मिनिटांत हार घालून विधी उरकण्यात आला.

हिमालयातील भारतीय ठिकाणांत रुद्रप्रयाग जिल्ह्यातील त्रियुगीनारायण मंदिराला मोठी मागणी आहे. शिव-पार्वतीचा विवाह येथे झाला आणि त्यातील अग्नी आजही तेवत आहे, अशी श्रद्धा आहे. उत्तराखंडमध्येच औली येथे जून २०१९ मध्ये गुप्ता उद्योगसमूहाच्या कुटुंबातील दोन विवाहांनी डोंगरावर कचऱ्याचे ढीग उभे केले. उच्च न्यायालयाला ३ कोटी रुपये जमा करण्याचा आदेश द्यावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातील किल्ले पर्यटन व समारंभांसाठी देण्याच्या बातमीने वादळ उठले, तेव्हा ऐतिहासिक वारसा असलेल्या किल्ल्यांना हात लावणार नसल्याचा खुलासा सरकारने केला. सह्याद्रीत असा बेत आखणाऱ्यांनी संरक्षित किल्ल्याचा विचार मनातून काढावा आणि खासगी मालकीची जागा किंवा वन खात्याची लेखी परवानगी, यांपैकी एक आधी पाहावे.

कोलोराडोत विवाह केलेल्या भारतीयांना दाखला भारतात वापरायचा असल्यास काउंटी क्लार्ककडून प्रमाणित प्रत घेऊन तिच्यावर कोलोराडोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाचा ‘अपोस्टील’ शिक्का घ्यावा लागतो. अमेरिकेप्रमाणे भारतही या हेग कराराचा सदस्य आहे. एक सूचना त्या परवान्याबाबतच. डोंगरावरील वाऱ्यात तो कागद उडून जाण्याची शक्यता असते, तेव्हा सही होताच तो पाकिटात ठेवावा आणि परतल्यावर हनिमूनला निघण्यापूर्वी क्लार्कच्या कार्यालयात पोहोचवावा. ६३ दिवस उलटल्यास विलंब शुल्क पडते.